चल रे भाजी!

अंधेरीच्या स्टुडिओत त्या दिवशी अख्खी दुपार एका शब्दात गेली. परदेशी मालिकेचं मराठी डबिंग, काळ एकोणिसाव्या शतकातल्या लंडनचा. पोलिस एका गाडीवाल्याला हुसकावताना ओरडतो, ‘कॉस्टरमंगर!’

डबिंगचं लिहिणं म्हणजे अर्थ लावणं, असं बाहेरच्यांना वाटतं. खरी मारामारी ओठांशी असते. प, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतात, आणि क्लोजअपमध्ये ते दिसतं. इथे शब्दाचे ठोके कॉस्-टर-मं-गर असे पडतात आणि ओठ मिटतात तिसऱ्या ठोक्याला, ‘मं’वर; मराठीतही ते तिथेच मिटायला हवेत. ‘भाजीवाला’ पहिल्याच ठोक्याला मिटतो. ‘फेरीवाला’ मिटतच नाही. फ आपण मुंबईत दातांवर म्हणतो.

‘कॉस्टर्ड’ हे इंग्लंडातलं जुनं, मोठं सफरचंद आणि ‘मंगर’ म्हणजे विकणारा. पुढे सफरचंद मागे पडलं. फळं, भाजी, मासळी रस्त्यावर ओरडून विकणारा प्रत्येक जण कॉस्टरमंगर झाला. आपला ‘बागवान’ही असाच सरकलेला: फारसीत माळी, इथे फळविक्या. मला तो शब्द फार आवडतो, पण आता तो आडनाव म्हणूनच ऐकू येतो.

वाहिनीचे साहेब म्हणाले, “भैया टाका ना, पटकन कळतं.” मी साफ नकार दिला. भैया म्हणजे भाऊ. या शहराने त्या शब्दाची जी शिवी केली, ती मी माझ्या हाताने लिहिणार नाही. प्रेक्षकाला काही कळत नाही, हे वाहिन्यांनी परस्पर ठरवून टाकलंय.

तोडगा काढला पोलिसाचा आवाज देणाऱ्या कलाकाराने. “दादरला हटवताना काय ओरडतात? मालाच्या नावानेच. ए केळी! ए भाजी!” मग तो काचेपलीकडून गरजला, “चल रे भाजी!” चार ठोके, तिसरा ‘भा’. ओठाला ओठ बसला. हुसकावणंही त्यातच आलं, आणि मालावरून माणसाला हाक मारायची मूळ खोडही.

तेवढ्यात साहेबांनी पडद्यावर बोट ठेवलं. गाडीवर नुसती सफरचंदं. हरकत रास्त होती.

सध्या तोच टेक पाठवलाय. पण तिसऱ्या ठोक्याला ओठ मिटवणारा, फळांचा शब्द मी अजून शोधतोय. मिक्सिंग सोमवारी आहे. कुणाला सुचला तर जरूर कळवा.