सतराच्या जागी पस्तीस

प्रोटीन रंगवणाऱ्या कुमासीचा जादा निळा रंग धुऊन निघाला तशी जेलवरची पट्टी स्पष्ट झाली आणि माझी एमएस्सीची विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, यांनी दुसरंच काहीतरी पाठवलंय." खोक्यातल्या कागदावर प्रोटीनचं वजन १७ किलोडाल्टनच्या (रेणूच्या वजनाचं एकक) आसपास दिलं होतं. आमची पट्टी मार्करच्या (माहीत वजनांच्या प्रोटीनच्या) ३५ जवळ होती. जेलमध्ये हलकं प्रोटीन खाली उतरतं, जड वर राहतं.

वायलमध्ये, म्हणजे छोट्या कुपीत, होता मानवी पीडी-१ रिसेप्टरचा पेशीबाहेरचा भाग, टोकाला हिस्टिडिन या अमिनो आम्लाचे सहा रेणू जोडलेला. रोगप्रतिकारक टी पेशीवरचा हा ब्रेक. समोरच्या पेशीवरचं पीडी-एल१ हे प्रोटीन त्याला चिकटलं की टी पेशीचा हल्ला मंदावतो, आणि कॅन्सरच्या कित्येक पेशी नेमका याचाच फायदा घेतात. क्योतोमध्ये तासुकु होंजो यांच्या गटाने १९९२ मध्ये याचं जनुक शोधलं. २०१८ चं नोबेल त्यांना जेम्स ॲलिसन यांच्यासोबत मिळालं. एवढ्या मोलाच्या प्रोटीनची आमची वायल ५० मायक्रोग्रॅमची. पावडर डोळ्यांना धड दिसतही नाही, आणि नाशिकच्या आमच्या छोट्या विभागाच्या बजेटला ती चांगलीच जड गेली होती. म्हणून विद्यार्थिनीचा चेहरा उतरला ते मला समजत होतं.

तिचा पहिला संशय उन्हावर. पार्सल मुंबईहून आलं, कसारा घाटात ट्रॅफिकमध्ये अडकलं, एप्रिलचे दिवस. पण उन्हाने प्रोटीन तुटलं असतं तर पट्टी खाली सरकली असती. ही वर होती.

मग तिने केलेला हिशेब मला मनापासून आवडला. सतरा दुणे चौतीस! दोन रेणू जोडीने चिकटले असतील. विचार चांगला होता, पण नमुना आम्ही डीटीटी हे रसायन घालून उकळला होता. सल्फरच्या बंधांनी बांधलेली जोडी त्यात सुटते. शिवाय जोडीची पट्टी रेखीव आली असती. ही पसरट होती, कडा विरलेल्या, जणू एकाच प्रोटीनचे थोड्या थोड्या फरकाचे अनेक रेणू.

मला उत्तराचा अंदाज होता. हे प्रोटीन बॅक्टेरियात केलेलं नव्हतं. ते एचईके२९३ मध्ये केलेलं होतं, म्हणजे १९७३ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला तयार झालेल्या मानवी मूत्रपिंडाच्या पेशींच्या वाणात. अशा पेशी पीडी-१ वर चार ठिकाणी साखरेच्या साखळ्या चढवतात. त्याही प्रत्येक रेणूवर सारख्या नाहीत. वजन वाढतं, जेलमधली चालही मंदावते. पण "साखर असेल" असं मी नुसतं सांगून मोकळी झाले असते तर तेही एक विधानच झालं असतं, तिच्या "वायल चुकली"सारखं. फ्रीझरमध्ये पीएनगेज-एफ होतं. एन-जोडणीची, म्हणजे प्रोटीनच्या नायट्रोजनला जोडलेली, साखर कापणारं हे एन्झाइम. म्हटलं, आजच बघू.

नमुना एसडीएस (प्रोटीन उलगडणारं साबणासारखं रसायन) आणि डीटीटीमध्ये उकळला. एसडीएस एन्झाइमलाही मारतं, म्हणून वरून त्याचा जोर कमी करणारं एनपी-४० घातलं. मग ३७ अंशांवर तासभर. दुपारी लाइट जायची धास्ती होती, तर लॅबमधले मामा जेवण सोडून इन्व्हर्टरपाशी बसून राहिले. कोणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळच्या जेलमध्ये साखर कापलेल्या नमुन्याच्या लेनमधली (उभ्या रकान्यातली) पट्टी खाली उतरली होती, १७ च्या जवळ, आणि आता ती रेखीव होती. विद्यार्थिनी आनंदली, पण लगेच थबकली: त्याच लेनमध्ये वर ३६ पाशी एक फिकट पट्टी उरली होती. "मॅडम, काही रेणू तसेच राहिले." तेवढ्यासाठीच मी शेजारच्या लेनमध्ये नुसतं एन्झाइम घालायला लावलं होतं. तिथेही ३६ ला तीच पट्टी. पीएनगेज-एफ स्वतःच ३६ किलोडाल्टनचं आहे. ती लेन नसती तर आम्ही एका योग्य प्रयोगातून चुकीचा निष्कर्ष काढून घरी गेलो असतो. विद्यार्थी अशा तुलनेसाठीच्या कंट्रोल लेनला जागा वाया जाते म्हणतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

तक्रारीचा ईमेल तिने पुसला आणि दुसरा लिहिला: कागदावर हिशेबाच्या (साखर न धरलेल्या) वजनाशेजारी जेलवर दिसणारं वजनही छापा. मला ही मागणी अगदी रास्त वाटते. छोट्या गावांतल्या लॅबमध्ये शेजारी विचारायला कोणी नसतं.

तिच्या प्रोजेक्टमध्ये पुढे पीडी-१ ला चिकटणाऱ्या अँटीबॉडी तपासायच्या होत्या आणि सरावासाठी बॅक्टेरियात केलेलं स्वस्त पीडी-१ मागवायचं ठरलं होतं. तिने विचारलं, त्यावर साखर नसेल ना? नसेलच. आणि काही अँटीबॉडी तर पीडी-१ मधल्या ५८ व्या अमिनो आम्लाच्या जागेवरच्या साखरेलाही धरून बसतात. तिने मागणीपत्रकावरची ती ओळ खोडली, आणि उरलेल्या प्रोटीनचे छोटे ॲलिकॉट (वाटे) करून उणे ८० च्या फ्रीझरमध्ये ठेवले.