दोन सुतांची फट : ब्यूलीच्या बाजारात एमजीबीसाठी स्पॉयलर शोधताना

सप्टेंबरातल्या एका शनिवारी पहाटे साडेपाच वाजता मी आणि बाबा इंग्लंडमधल्या रेडिंगहून माझ्या 1978 सालच्या एमजीबी जीटी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीने निघालो, तेव्हा गाडीच्या मागच्या भागात दशम्यांचा डबा, चहाचा थर्मास आणि पुठ्ठ्याचा एक मोठा, वेडावाकडा कापलेला साचा एवढेच सामान होते. गाडीच्या पुढच्या भागाच्या मापाचा हा साचा बाबांनी आदल्या रात्री गॅरेजात जमिनीवर आडवे पडून तयार केला होता. भोसरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये चौतीस वर्षे डाय बनवण्यात घालवलेल्या माणसाला ‘अंदाजे बसेल’ हे शब्द सहन होत नाहीत, आणि त्याला कारणही मीच पुरवले होते.

दोन महिन्यांपूर्वी मी नुसत्या छायाचित्रावर भुलून बंपर आणि स्पॉयलर (गाडीच्या नाकाखाली बसणारी, हवा अडवणारी पट्टी) एकत्र असलेला फायबरचा एक अख्खा तुकडा घरपोच मागवला होता. तो गाडीला लावून पाहिला, तेव्हा डावीकडची भोके जुळली आणि उजवीकडची बोटभर सरकली. विकणाऱ्याचे म्हणणे असे पडले की जुन्या गाड्या अपघातांमुळे वाकलेल्या असतात, त्यामुळे दोष गाडीचा आहे. तो तुकडा परत पाठवण्याचा खर्च मीच भरला. त्यानंतर भारतातून उन्हाळ्यासाठी आलेल्या बाबांनी सगळी हकिगत शांतपणे ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला, “अरे, पण तू हातात न घेता वस्तू विकत घेतलीसच कशी?”

म्हणून ब्यूली. हॅम्पशायरमधल्या न्यू फॉरेस्टच्या दक्षिण भागातले हे छोटे गाव. नावाचे स्पेलिंग फ्रेंच वळणाचे, उच्चार मात्र अगदी इंग्रजी, ‘ब्यूली’. इथल्या राष्ट्रीय मोटार संग्रहालयाच्या आवारात 1967 सालापासून जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार भरतो. त्याला ‘ऑटोजंबल’ म्हणतात आणि हा शब्दही इथेच घडला असे सांगतात. सुमारे दोन हजार ठेले लागतात. बेसिंगस्टोकवरून एम-3 धरून विंचेस्टर मागे टाकले, एम-27 वरून दुसऱ्या फाट्याला उतरलो, आणि झाडी दाट होऊ लागली तसे रस्त्याच्या मधोमध निवांत उभे असलेले खुरटे घोडे दिसू लागले. इथे घोड्यांना आणि गाढवांना रस्त्यावर पहिला हक्क असतो. एका गाढवाने आमच्यासमोर तीन-चार मिनिटे ठाण मांडले, तेव्हा बाबा म्हणाले की हा प्रकार त्यांना पुण्यातही पाहता आला असता, त्यासाठी विमानाचे तिकीट काढायची गरज नव्हती.

बाजार पाहून मात्र ते गप्प झाले. मंगळवार पेठेतला जुना बाजार हिरवळीवर पसरून दहापट मोठा करावा, असे ते दृश्य होते. कार्बोरेटरांचे ढीग, पितळी दिवे, गंजलेले जॅक, इनॅमलच्या पाट्या, कशाचे तरी गिअर आणि त्यांच्यामध्ये खुर्ची टाकून बसलेले, कशाचीच घाई नसलेले वृद्ध विक्रेते.

आता मूळ अडचण सांगायला हवी, कारण ती समजल्याशिवाय पुढची भटकंती समजणार नाही. एमजीबी 1962 साली बाजारात आली तेव्हा तिला क्रोमचा सडपातळ बंपर आणि रुंद जाळी होती. अमेरिका ही तिची सर्वांत मोठी बाजारपेठ असल्यामुळे तिथले बंपरविषयीचे नवे नियम पाळणे कंपनीला भाग होते. 1974 च्या उत्तरार्धापासून सगळ्याच एमजीबींना पुढे-मागे पॉलियुरेथेनचे जाडजूड काळे बंपर आले, ज्यांना लोक सरसकट ‘रबर बंपर’ म्हणतात. गाडीची लांबी सुमारे 13 सेंटिमीटरने वाढली, आणि तिथले उंचीचे नियम पाळण्यासाठी अख्खी गाडीच सुमारे एक इंच उचलली गेली. चाकांवर उभी राहिलेली, पोटाखाली रिकामी जागा असलेली ही गाडी कडेने पाहिली की विजार आखूड झालेल्या मुलासारखी दिसते. माझी गाडी त्याच पिढीतली. महामार्गावर सत्तर मैलांचा वेग गाठला की स्टिअरिंग हलके लागू लागते, कारण नाकाखालून शिरणारी हवा पुढचा भाग किंचित उचलत असते. ही हवा अडवण्यासाठी स्पॉयलर हवा होता. काळा बंपर काढून क्रोमचा लावण्याचा मोहही होता, पण तो निव्वळ डोळ्यांचा.

पहिला थांबा अर्थातच त्या मोहापाशी पडला. नव्याने क्रोम चढवलेला एक बंपर ठेल्यावर आरशासारखा चमकत होता आणि त्यात बाबांचा चेहरा मडक्यासारखा फुगलेला दिसत होता. ठेलेवाल्याने किंमत सांगण्याआधी साल विचारले. मी ‘1978’ म्हणताच त्याने बंपर माझ्या हातातून अलगद काढून घेतला आणि जागेवर ठेवून दिला. मग त्याने बोटांवर मोजत सांगितले की रबर बंपर काढला तर त्याच्यामागे क्रोम बंपर बसवण्याजोगे काहीही नसते. पुढच्या मडगार्डांची टोके वेगळी, खालचा पत्रा वेगळा, जाळी वेगळी, दिव्यांची जागा वेगळी, ब्रॅकेट वेगळे. चॅसिसची पुढची टोकेसुद्धा कापावी लागतात. त्यानंतर डेंटिंग-पेंटिंग, आणि एवढे करून गाडी उंचच राहते, म्हणजे सस्पेन्शनही खाली आणायचे. असे बदल करणारे पुष्कळ आहेत आणि त्यातले काही सुंदर झालेले मी पाहिले आहेत. पण त्या माणसाने विक्री सोडून मला खरे सांगितले, याबद्दल मी त्याचा आजही ऋणी आहे.

दुसरा ठेला शर्यतीच्या गाड्यांच्या भागांचा होता. तिथे बंपर आणि स्पॉयलर एकत्र असलेला फायबरचा तुकडा होता, जवळजवळ मी परत केला तसाच. मी तो समोरून पाहत होतो आणि बाबांनी तो सरळ उलटा केला. फायबरची वस्तू पाठीमागून पाहायची असते, कारण पुढची बाजू साच्यातून गुळगुळीत निघते आणि कारागिराचा आळस मागे दिसतो. कडेला फायबर पातळ होते. बोटाने टिचकी मारल्यावर एका ठिकाणी टणक आवाज आला आणि वीतभर अंतरावर तोच आवाज बद्द झाला, म्हणजे तिथे थर सुटलेले होते. वरच्या लेपाला भोकांजवळ चांदणीसारख्या बारीक चिरा गेल्या होत्या. बाबांनी पुठ्ठ्याचा साचा लावला, एक डोळा मिटून फट पाहिली आणि म्हणाले, “दोन सूत.”

टूलरूममध्ये शिकलेला बाबांच्या पिढीचा कारागीर अजूनही सुतात बोलतो. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. मिलिमीटरवर वाढलेल्या मला हे नेहमी मनात भाषांतर करून घ्यावे लागते. इथे मात्र गंमत झाली. ठेलेवाल्याने त्यांच्या बोटांतले अंतर पाहून स्वतःच ‘पाव इंच’ म्हटले आणि मान डोलावली. एमजीबीचे बहुतेक नटबोल्ट इंची मापाचे आहेत, त्यामुळे त्या अख्ख्या बाजारात मेट्रिकवाला परका मीच होतो.

दुपारी एकच्या सुमारास, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी संपवल्यावर, जे हवे होते ते एका जाळीच्या ढिगाखाली सापडले. रबर बंपरच्या खाली बसणारा काळ्या फायबरचा नुसता स्पॉयलर, ज्याला इथले लोक हनुवटी म्हणतात. तो कोणत्या गाडीतून निघाला हे विक्रेत्याला ठाऊक नव्हते, पण मागून तो जाड आणि एकसारखा होता, आणि साचा त्याच्या कडेवर असा बसला की मध्ये पुठ्ठ्याची कात्रणही गेली नसती. मला आणखी एका कारणाने तो आवडला. 1979-80 मध्ये अमेरिकेसाठी काढलेल्या मर्यादित आवृत्तीच्या काळ्या एमजीबींना कारखान्यातूनच पुढे स्पॉयलर मिळत असे, म्हणजे काळा बंपर आणि खाली हनुवटी ही जोडी या गाडीच्या स्वतःच्या इतिहासात बसणारी आहे. क्रोम बंपरवाली 1967 ची गाडी असल्याचे सोंग तिला आणावे लागत नाही.

विक्रेत्याने नव्वद पौंड सांगितले. मी ऐंशी म्हटले. बाबांनी काहीच म्हटले नाही. त्यांनी फक्त एका भोकाभोवतीची जुनी दुरुस्ती नखाने दाखवली आणि थांबून राहिले. त्यांची ही शांतता जुन्या बाजारात तयार झालेली आहे आणि तिला भाषा लागत नाही. सत्तरवर सौदा ठरला, तोही या अटीवर की आधी तुकडा गाडीला लावून पाहायचा. वीस पौंड अनामत ठेवून आम्ही तो खांद्यावरून गाड्यांच्या कुरणापर्यंत नेला. ओल्या गवतावर मी उताणा पडून एक टोक धरले, बाबांनी गुडघ्यावर बसून दुसरे, आणि तेल थंड करणाऱ्या कुलरकडे जाणारी हवा अडत नाही ना, हे बॅटरी मारून दोनदा पाहिले. हे पाहिल्याशिवाय कोणीही असला स्पॉयलर घेऊ नये. दिसायला उत्तम पण इंजिनाला गरम करणारे तुकडे बाजारात कमी नाहीत.

परतीच्या प्रवासात स्पॉयलर गाडीत तिरका बसला, त्याचे एक टोक मागच्या काचेला आणि दुसरे बाबांच्या डाव्या खांद्यावर. विंचेस्टरपर्यंत ते त्याच अवस्थेत झोपले होते.

रविवारी आम्ही तो पाव इंची बोल्ट आणि सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापलेल्या रबरी वायसरांनी बसवला. सोमवारी मी विमा कंपनीला बदलाची माहिती कळवली, कारण इथे हे न कळवल्यास ऐन वेळी भरपाई अडकू शकते. महामार्गावर स्टिअरिंग आता थोडे जड वाटते. त्यात स्पॉयलरचा वाटा किती आणि सत्तर पौंड खर्च केल्याच्या समाधानाचा किती, हे मी शपथेवर सांगणार नाही. तापमानाचा काटा मात्र पूर्वीच्याच जागी असतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या उंचवट्यावर हनुवटी पहिल्याच दिवशी खर्रकन घासली. बाबा लगेच उतरले, वाकून ओरखड्यावरून बोट फिरवले आणि गाडीत परत बसत म्हणाले, “अर्धा सूत. चल.”