रात्री अकरानंतरचा कॉम्प्रेसर

पार्सलवर 'कॉम्प्रेसर' वाचून आईने विचारलं, "फ्रीज बिघडलाय का रे?" फ्रीज धडधाकट होता. हा कॉम्प्रेसर म्हणजे गिटार आणि अँपच्या मध्ये लावायचं, आवाजातले चढउतार कमी करणारं, पायाने चालू-बंद करायचं छोटं पेडल. माझी गिटार वाजवायची वेळ तेवढी बदलली होती. मुलगी झाल्यापासून गिटार हातात येते ती रात्री साडेदहा-अकराला, आणि ठाण्यातल्या आमच्या वन बीएचकेत हॉल आणि बेडरूममध्ये एकच भिंत.

माझा अँप (गिटारचा अँप्लिफायर) १५ वॉटचा, जुन्या पद्धतीच्या काचेच्या व्हॉल्व्हचा. १५ आकडा ऐकून लोक फसतात. निम्म्यावर नेला तर शेजारच्यांची झोप उडेल. त्यामुळे व्हॉल्यूम एकच्याही खाली. तिथे तो अगदी मेल्यासारखा वाजायचा. पिकचा (तार छेडायच्या चकतीचा) ठोका टणकन कानात, पाठोपाठ स्वर गुल. बेंड (तार बोटाने ताणून चढवलेला स्वर) वर पोचायच्या आतच संपायचा. महिनाभर मी तारांना, तारांचा कंप पकडणाऱ्या पिकअपला आणि शेवटी स्वतःच्या बोटांना दोष दिला.

कारण वेगळंच होतं. मोठ्या आवाजात अँप स्वतःच स्वर चेपत असतो. जोरात तार छेडली की पॉवर व्हॉल्व्ह मर्यादेला टेकतात, आतलं व्होल्टेज क्षणभर खचतं आणि ठोक्याचं टोक आपोआप बोथट होतं. शिवाय स्पीकरच्या आवाजाने तारा थरथरत राहतात, म्हणून स्वर लांबतो. हळू आवाजात यातलं काहीच घडत नाही. ते काम मग कॉम्प्रेसर पेडलकडून करून घ्यायचं. ठरावीक पातळीच्या वर गेलेला आवाज ते दाबतं (४:१ गुणोत्तर असेल तर आत ४ डेसिबल वाढले की बाहेर १ च वाढतो) आणि मग सगळंच थोडं वर उचलतं. विझत आलेला स्वर त्यामुळे जास्त वेळ ऐकू येतो.

एमएक्सआर कंपनीच्या डायना कॉम्प या प्रसिद्ध लाल कॉम्प्रेसरला दोनच नॉब असतात, आउटपुट आणि सेन्सिटिव्हिटी. मी सेकंडहँड घेतलेल्या पेडलला चार निघाले: लेव्हल (बाहेर येणारा आवाज), सस्टेन (किती दाबायचं आणि उचलायचं), अटॅक (ठोका किती लवकर दाबायचा), ब्लेंड (मूळ आवाज किती मिसळायचा). चार नॉब म्हणजे चुकायला चार जागा.

पहिल्या रात्री सस्टेन पूर्ण उजवीकडे. स्वर लांबला खरा, पण तो जसजसा विझायचा तसतसा मागून 'घूंऽऽ' वर यायचा. पेडलला काय, आवाज कमी झाला की तो उचलायचा एवढंच कळतं. स्वर संपल्यावर उरलेली घरघरही ते इमानदारीने उचलतं. माझी गिटार सिंगल कॉइलची, म्हणजे आसपासच्या विजेची घरघर सहज पकडणाऱ्या पिकअपची, डोक्यावर पंखा, भिंतीवर इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. पंखा एकदम फुल केला तेव्हा अर्धी घरघर गेली. खुर्ची जरा तिरकी फिरवून बसलो तेव्हा आणखी थोडी. उरलेली सस्टेनचा नॉब घड्याळातल्या दहाच्या जागेपर्यंत मागे आणल्यावर. (पूर्ण उजवीकडचा सस्टेन फक्त दुकानात ट्राय करताना छान वाटतो, असं माझं मत झालंय.)

दुसरी चूक ओळखायला दोन आठवडे लागले. पेडल चालू केलं की आवाज 'भरलेला' वाटायचा, बंद केलं की पातळ. मी खूश! खरं तर लेव्हल जास्त होती, इतकंच. जरा मोठं ते कानाला चांगलंच वाटतं. मग चालू आणि बंद, दोन्हीकडे आवाज सारखा येईपर्यंत लेव्हल उतरवली आणि पुन्हा पहिल्यापासून जुळवाजुळव. चालू, बंद, चालू, बंद.

त्याच सुमारास खालच्या काकू जिन्यात भेटल्या. "अरे, रात्री ते टक-टक काय ठोकत असतोस? सुताराचं काम काढलंयस का?" गिटार त्यांना ऐकूच आली नव्हती. ऐकू येत होतं ते पेडलचं लोखंडी बटण आणि त्यावरची माझी टाच! तेव्हापासून पेडल टीपॉयवर, बटण हाताने.

एका रात्री खोलीच्या टोकाला मोबाईल ठेवून रेकॉर्ड केलं. पिकची टिक-टिक निम्मी अँपमधून नव्हतीच, गिटारच्या तारांचीच होती. एवढ्या हळू आवाजात पिक सरळ हवेतून ऐकू येतो. मी अटॅक फिरवून जे मारायला बघत होतो ते पेडलमध्ये नव्हतंच. अँप जमिनीवरून उचलून स्टुलावर, कानाच्या उंचीला, हातभर अंतरावर ठेवला. पिक जरा मऊ घेतला. मग अटॅक मधोमध आणून ठोका थोडा सुटू दिला. तो पूर्ण दाबला की वाजवणं चावून गुळगुळीत केल्यासारखं लागतं. ब्लेंड अर्ध्यावर ठेवल्याने सरळ स्वरही मिसळत राहतो, बोटांचा हलका-जड फरक कळतो.

अँपवरचा बासही दोन घरं वाढवला. हळू आवाजात कानाला खर्जातलं कमी ऐकू येतं, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून ठेवलंय. गिटारची सर्वात जाड तार ८२ हर्ट्झला वाजते, म्हणजे नेमकी त्याच मारात सापडते.

ओव्हरड्राइव्ह (आवाज खरखरीत, फाटल्यासारखा करणारा इफेक्ट) लावला की मात्र मी कॉम्प्रेसर बंदच ठेवतो. ओव्हरड्राइव्ह स्वतःच पुरेसं चेपतो, दोन्ही मिळून नुसती सूं-सूं. चारही नॉबच्या जागी बायकोच्या नेलपॉलिशचे लाल ठिपके आहेत, कारण मुलगी आता रांगते आणि टीपॉय धरून उभी राहते. काल अटॅक फिरवलेला सापडला.