सिलिकॉनची बोटं, टेक थ्री

आज तिसऱ्यांदा ओतलं आणि एकदाचं जमलं राव! मामाचा हात प्रेसमध्ये गेला त्याला आता वर्ष होईल, घरीच थ्रीडी प्रिंट करून हात बनवलाय, बोटं मिटतात पण पीएलए (प्रिंटचं प्लास्टिक) गुळगुळीत, स्टीलचा ग्लास धरला की सटकतोच. म्हणून बोटांना सिलिकॉनच्या टोप्या.

पहिल्या दोन वेळा वरचा थर चिकटच राहिला, रात्रभर ठेवूनही. मी आपला सिलिकॉनच्या ए आणि बी या दोन भागांचं माप चुकलं म्हणून वजनकाट्याला शिव्या घालतोय, आणि भानगड निघाली हातमोज्यांची! प्लॅटिनम क्युअर (प्लॅटिनमच्या मदतीने घट्ट होणाऱ्या) सिलिकॉनला गंधकाचं वावडं असतं, मोज्यांच्या लेटेक्समध्ये (रबरात) ते असतं, नुसता हात लागला तरी सेट होत नाही. नायट्राइलचे मोजे घातले, विषय संपला. (साचा रेझिन प्रिंटरवर काढला असता तरी बहुतेक हाच घोळ झाला असता.)

व्हॅक्यूम पंप नाहीये, म्हणून उंचावरून बारीक धारेने ओतलं, बुडबुडे बरेच फुटतात. आणि सिलिकॉन पीएलएला चिकटत नाही म्हणून बोटाच्या टोकाला आरपार भोकं पाडली, त्यात शिरून ते अडकून बसतं.

असले हात पसरले त्यात दक्षिण आफ्रिकेतल्या रिचर्ड व्हॅन आस या सुताराचा मोठा वाटा, 2011 मध्ये त्याची स्वतःचीच बोटं गेली होती.

संध्याकाळी मामाने ग्लास उचलला, अर्धा प्यायला आणि म्हणाला, "रंग जरा माझ्यासारखा काळा कर की, हे काय गोऱ्या सायबाचं बोट लावलंयस."