पैसा परदेशातून आलाय, मग काम कुठे अडलंय?

ऐरोलीत राहायचं आणि खाडीकिनाऱ्याच्या पर्यावरण प्रकल्पांत काम करायचं म्हटलं की हा प्रश्न चुकत नाही. सोसायटीच्या सभेत विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. दिवा कोळीवाड्यातले एक नाना तर दर वर्षी विचारतात, "पैसं येऊन दोन वरसां झाली म्हनतास, तं खारीन काय दिसत नाय?" पुढचा प्रश्न बहुतेक लोक मनातच ठेवतात. नाना ठेवत नाहीत. "कोनी खाल्लं?"

खाणारे नसतातच असं म्हणायला मी काही कालचा आलेलो नाही. पण माझ्यासमोर जी कामं रखडली, त्यातल्या बहुतेकांत कुणी काही खाल्लेलं नव्हतं. पैसे देणाऱ्याचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, सरकारचं एप्रिलमध्ये आणि तिवराचं, म्हणजे खाडीतल्या खारफुटीच्या झाडाचं, पावसात. तिघांची गाठच पडत नाही.

आधी ते 'परदेशातून आलेला पैसा' जरा तपासून घेऊ. ग्रीन क्लायमेट फंडाने, म्हणजे हवामान बदलाच्या कामांना पैसे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय निधीने, ऑक्टोबर २०१८ मध्ये भारताच्या किनारपट्टीसाठी एक प्रकल्प मंजूर केला. महाराष्ट्र, आंध्र प्रदेश आणि ओडिशा अशी तीन राज्यं त्यात आहेत. एकूण रक्कम सुमारे १३ कोटी डॉलर. त्यात फंडाचं अनुदान ४.३४ कोटी, म्हणजे जेमतेम एक तृतीयांश. उरलेला पैसा आपल्याच सरकारांनी घालायचा. बातमीत आकडा तेरा कोटींचा येतो आणि लोकांना वाटतं, विमानातून पेटी उतरली. ती पेटी दोन-तीन ठिकाणी अर्धी-अर्धी असते, आणि सगळी कुलुपं एका दिवशी उघडत नाहीत.

शिवाय बाहेरचा भागही एकरकमी येत नाही. तो ज्यांच्यामार्फत येतो त्या संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या पद्धतीत उचल मिळते आणि आधीच्या उचलीपैकी किमान ८० टक्के खर्च कागदावर दाखवल्याशिवाय पुढची सुटत नाही. नियम चांगला आहे. मी त्यात आपटलो, तेही स्वतःच्या हाताने.

एका प्रकल्पात जूनअखेरचा हिशेब माझ्याकडे होता. आकडा आला ७६ टक्के. चार टक्के होडीच्या भाड्यात अडकले होते. होड्या फिरल्या होत्या, पैसे दिले होते, पण पावत्या वहीच्या फाडलेल्या पानांवर, दोन तर चक्क बिडीबंडलाच्या कागदावर. अंगठे होते, तारखा नव्हत्या. हिशेब विभागातल्या बाईंनी त्या पावत्या एकेक करून माझ्यासमोर टेबलावर मांडल्या आणि काहीच बोलल्या नाहीत. मे महिन्यातच होडीवाल्यांकडून नीट पावत्या घ्यायच्या, हे काम माझं होतं. मी ते 'नंतर बघू' म्हणून ठेवलं होतं. उचल जुलैऐवजी ऑक्टोबरच्या मध्यावर आली.

तीन महिन्यांचा उशीर. कागदावर एवढंच. पण तिवराचं बी पावसात पिकतं आणि झाडावर असतानाच आतून अंकुरायला लागलेलं असतं. ते गोणीत भरून कपाटात ठेवता येत नाही. पाण्यात भिजवलं की वरचं साल सुटतं, आत घडी घातलेली जाडसर हिरवी दलं दिसतात, आणि मग ते चिखलात टेकवायलाच लागतं. ऑक्टोबरात पैसे आले तेव्हा किनाऱ्यावर सडलेली सालं तेवढी उरली होती. रोपवाटिकेसाठी पिशव्या आल्या, गाळ आला, माणसं आली, बी नाही. म्हणजे चार टक्क्यांनी तीन महिने नेले आणि तीन महिन्यांनी वर्ष.

त्यात भरती-ओहोटी. लावणी चिखल उघडा असतानाच होते. नाना तिथी विचारतात, तिला पाऊणाने गुणतात आणि भरतीची वेळ सांगतात. चतुर्थी म्हणजे तीनला. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बारा-साडेबाराला उधाण. अहवालात 'तिसरी तिमाही' असं लिहिलेलं असतं. नानांच्या हिशेबात त्या तिमाहीत लावणीला सोयीचे दिवस बोटांवर मोजण्याइतके.

सगळीच दिरंगाई वाईट असते असंही मी मानत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालापासून खारफुटीला धक्का लागेल असं काम, सार्वजनिक हिताचं असलं तरी, न्यायालयाच्या परवानगीशिवाय करता येत नाही. अशी परवानगी मिळायला वेळ लागतो आणि आमच्यासारखे लोकही त्यावर कुरकुर करतात. पण ठाणे खाडीचं रोहित पक्षी अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं, आणि आजही ऐरोलीच्या पुलावरून जाताना दोन्हीकडे हिरवं दिसतं, त्यात या सक्तीच्या थांबण्याचा वाटा आहे. ही वाट मी बघायला तयार आहे.

न पटणारी दिरंगाई वेगळी. सप्टेंबर २०२० मध्ये परकीय योगदान कायदा बदलला आणि परदेशी देणगी घेतलेल्या संस्थेला ती दुसऱ्या संस्थेकडे वळवायला बंदी झाली. संयुक्त राष्ट्रांचा पैसा या कायद्यात परदेशी धरला जात नाही, त्यामुळे ते प्रकल्प वाचले. बाकीच्यांत शहरातली मोठी संस्था पैसे घेऊन बसली आणि ज्या छोट्या संस्था गावात काम करणार होत्या त्यांना हात लावता येईना. आराखडे नव्याने मांडावे लागले.

पुण्याचं जायकाचं, म्हणजे जपानच्या सरकारी मदतसंस्थेचं, काम तर सगळ्यांना माहीत आहे. मुळा-मुठेसाठी जपानच्या कर्जाचा करार जानेवारी २०१६ चा. ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं व्हायची होती. निविदा अंदाजापेक्षा फारच चढ्या आल्या, रद्द झाल्या, पुन्हा काढल्या आणि काम सुरू व्हायला २०२२ उजाडलं.

मग येते मुदतवाढ. आमच्या बोलीत 'नो-कॉस्ट एक्स्टेन्शन', म्हणजे जादा पैसे न देता वाढवलेली मुदत. इतकं खोटं नाव दुसऱ्या कशाचं नसेल. कार्यालयाचं भाडं थांबत नाही, पगार थांबत नाहीत. जागतिक पर्यावरण सुविधा (जीईएफ) या आंतरराष्ट्रीय निधीच्या २० लाख डॉलरपेक्षा मोठ्या अनुदानात व्यवस्थापनावर ५ टक्क्यांच्या वर खर्च करता येत नाही. वाढीव वर्षात हा पैसा आधी संपतो. मग ज्या पोरीने दोन वर्षं गावागावांत फिरून बचत गट उभे केले, ती काम सुरू व्हायच्या महिन्यात राजीनामा देते, कारण तिलाही घरभाडं असतं. तिच्या जागी आलेल्याला आधी कोळीवाडा कुठे आहे ते दाखवावं लागतं. माझ्या मते वेळापत्रकापेक्षा हे नुकसान मोठं, आणि ते कुठल्याच तक्त्यात येत नाही.

आता मी काय करतो? पिशव्या, गाळ, जाळी असं जे सडत नाही ते मार्चच्या आत जुन्या उचलीतून घेऊन टाकतो. होडीवाल्याला भाड्याबरोबर छापील पावतीपुस्तक देतो आणि तारीख माझ्यासमोर घालायला लावतो. उशीर होणार हे कळलं की ज्यांचे पैसे आहेत त्यांना त्याच आठवड्यात लिहितो. अहवालाची वाट बघत बसलं की दोन महिन्यांचा उशीर लपवायला चार महिने जातात. आणि भिंतीवर प्रकल्पाच्या तक्त्याशेजारी कालनिर्णय टांगतो. पाहुणे तज्ज्ञ त्याचा फोटो काढतात. त्यांना ती सजावट वाटते.

एवढं करूनही यंदा अडलंच. पिशव्या मेमध्येच भरून झाल्या, मंजुरीची फाईल मात्र वरच्या मजल्यावर साहेबांच्या बदलीत अडकली. नानांनी वाट पाहिली नाही. घरच्या पोरांना घेऊन बी वेचलं आणि दोन गोणी आणून दाराशी ठेवल्या.

"बिल कधी निंगंल?"

खरं तेच सांगितलं. "दिवाळीनंतर, नाना."

नानांनी गोणीचं तोंड सोडलं, आत हात घालून बी अजून ओलं आहे ना ते पाहिलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "कंची दिवाली?"