उरलेले आठ तास

व्हिक्टोरिया मेट्रो स्टेशनपासून राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. अथेन्समधली पहिली सकाळ मी ॲक्रोपोलिससाठी न ठेवता इथे आलो, ते अँटिकिथेरा यंत्रासाठी: दातेरी चाकांनी महिन्यांचं आणि ग्रहणांचं गणित मांडणाऱ्या प्राचीन ग्रीक यंत्रासाठी.

१९०० साली सिमी बेटाच्या पाणबुड्यांना अँटिकिथेरा बेटाजवळ एक बुडालेलं जहाज सापडलं. त्यातल्या ब्राँझच्या सुंदर पुतळ्यांपुढे यंत्राच्या गंजक्या ढेकळांकडे आधी कुणाचं लक्षच गेलं नाही. १९०२ मध्ये पुरातत्त्वज्ञ वालेरिओस स्ताइस यांना त्यात दातेरी चाक दिसलं. यंत्र दोन हजार वर्षांहून जुनं! आज त्याचे ८२ तुकडे उरलेत. सगळ्यात मोठा साधारण पसरलेल्या पंजाएवढा, हिरवट, चार आऱ्यांचं चाक असलेला. त्याच्यासमोरून मला हलवेना.

मी खरं तर त्याच्या मागच्या बाजूसाठी गेलो होतो. तिथे दोन सर्पिल तबकड्या होत्या. वरची १९ वर्षांची, म्हणजे २३५ चांद्रमासांची. १९ वर्षांत सात महिने जास्तीचे; अधिकमासामुळे हे गणित आपल्या ओळखीचं. खालची ग्रहणांची, २२३ घरांची, प्रत्येक घर एका चांद्रमासाचं. ज्या महिन्यात ग्रहण शक्य, त्या घरात चंद्रासाठी सिग्मा, सूर्यासाठी ईटा हे अक्षर आणि वेळ कोरलेली. ही तबकडी फिरवायला २२३ दात्यांचं चाक होतं. २००५ मध्ये सुमारे आठ टनांचं क्ष-किरण यंत्र थेट संग्रहालयात आणून तुकड्यांचं अंतरंग पाहिलं, तेव्हा यातलं बरंच काही उलगडलं.

२२३ चांद्रमास म्हणजे १८ वर्षं, ११ दिवस आणि वर जवळजवळ ८ तास. इतक्या काळाने तसंच ग्रहण पुन्हा होतं. पण त्या आठ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरलेली असते, म्हणून ते दिसतं दुसरीकडेच. कारागिराने हे आठ तास सोडून दिले नाहीत. त्यांच्यासाठी आत आणखी एक छोटी तबकडी बसवली. तिचे तीन भाग: एक कोरा, एकात ८, एकात १६. कोरलेल्या वेळेत तेवढे तास मिळवायचे. तीन फेऱ्या झाल्या, ५४ वर्षं सरली, की काटा पुन्हा कोऱ्या भागावर. पुतळे घडवणारे हात थोर असतीलच, पण मला या तबकडीपुढे जास्त नतमस्तक व्हावंसं वाटलं.

२२ जुलै २००९ ला मी सुरतेत होतो. खग्रास सूर्यग्रहण, आणि आभाळ गच्च भरलेलं. सूर्य दिसलाच नाही. सकाळी साडेसहाच्या आत भरदिवसा अंधार मात्र झाला आणि सगळी गर्दी एकदम गप्प झाली. संग्रहालयाच्या बाकावर बसून मी त्या तारखेत १८ वर्षं आणि ११ दिवस मिळवले. २ ऑगस्ट २०२७. आठ तासांमुळे या वेळी सावली सुरतेवरून नाही, पश्चिमेला इजिप्तमध्ये लक्सॉरवरून जाणार. तिथे ऑगस्टमध्ये ढग नसतात.