शाखेची वही दुसऱ्याच्या हातात देताना

मार्चअखेर मी आमच्या अभियंता संघटनेच्या नाशिक शाखेचं सचिवपद सोडते आहे. चार वर्षं झाली. गेल्या आठवड्यात कॉलेज रोडला चहा घेताना शाखेतल्या एका तरुण मुलीने विचारलं, "मॅडम, सचिव व्हायचं म्हणजे वेळ किती द्यावा लागतो हो?" मी पटकन बोलून गेले, "अगं, आठवड्याचे दोन तास." घरी पोहोचेपर्यंत ते मनाला लागून राहिलं, कारण ते खरं नाही. म्हणून हे लिहिते आहे, तिच्यासाठी आणि पुढे जो कुणी ही वही हातात घेईल त्याच्यासाठी.

वेळ जातो तो फोनवर. पहिल्या वर्षी पुण्याच्या एका ज्येष्ठ सल्लागारांना व्याख्यानाला बोलावलं होतं. विषय होता काळ्या मातीतला पाया. उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात फुगणारी ही माती आम्हा नाशिककरांच्या रोजच्या कामातली, त्यामुळे गर्दी होणार याची मला खात्री होती. व्हॉट्सॲपवर साठ अंगठे आले. सभागृहात अठरा माणसं. ते सर संगमनेर-सिन्नर करत दोनशे किलोमीटर गाडी चालवत आले होते, आणि त्या अठरा जणांना त्यांनी पावणेदोन तास जीव ओतून शिकवलं. नंतर खुर्च्या रचताना मला रडू आलं.

तेव्हापासून मी एकेकाला फोन करते. "येणार का?" असं विचारलं की "बघतो" एवढंच उत्तर मिळतं. पण "तुमच्या मखमलाबादच्या साइटवर पायाला काय निघालं, त्याचे फोटो आणाल का? दहा मिनिटं त्यावर बोलू" असं म्हटलं की माणूस येतो, आणि येताना साइटवरच्या पोरालाही घेऊन येतो. एका कार्यक्रमामागे चाळीस-पन्नास फोन होतात. माझे सगळे दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत झाले. मला त्याचा कंटाळा कधी आला नाही, पण ते दोन तासांत बसत नाहीत, एवढं तिला माहीत असायला हवं.

माझ्याआधीच्या सरांनी ही शाखा अकरा वर्षं एकट्याने ओढली. वक्ते त्यांच्या ओळखीचे, हॉलवाला त्यांच्या ओळखीचा, वर्गणीचा हिशेब त्यांच्या डोक्यात. मग त्यांची बायपास झाली. त्याच आठवड्यात हॉलची अनामत भरायची होती. चेकवर अध्यक्ष आणि सचिव दोघांच्या सह्या लागत, आणि अध्यक्ष मुलाकडे परदेशी गेलेले. सह्या बदलायच्या तर बँकेला कार्यकारिणीचा ठराव हवा, सभेचं इतिवृत्त हवं, नव्या माणसांची केवायसी हवी. इतिवृत्ताची वही सरांच्या घरी माळ्यावर. सर रुग्णालयात असताना काकूंनी स्टुलावर चढून ती मला काढून दिली. स्टूल धरून उभी असताना मला फार अपराधी वाटत होतं. सरांनी कुणाला नको म्हटलं नव्हतं, पण आम्हीही कधी "हे माझ्याकडे द्या" म्हणालो नव्हतो. शाखा दोन महिने बंद राहिली.

एवढं डोळ्यांनी पाहूनही पुढची दोन वर्षं मी तेच केलं. सगळं माझ्याच फोनमध्ये, माझ्याच कपाटात. त्यातून मला बाहेर काढलं ते एका दिंडोरीच्या मुलाने.

१५ सप्टेंबर जवळ आला होता. विश्वेश्वरय्यांचा जन्मदिवस, अभियंता दिन. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून लागल्यावर त्यांनी सुरुवातीची कामं नाशिक-खानदेशात केली, त्यामुळे आम्हाला ते घरचे वाटतात. दरवर्षी हार, दीपप्रज्वलन, एक भाषण. हा मुलगा म्हणाला, "मॅडम, या वेळी सळया वाकवून बांधणाऱ्या फिटर लोकांचा वर्ग घेऊ या. साइटवर, हिंदीतून." मी म्हटलं, अरे, आपले सदस्य अभियंते आहेत, आणि ठेकेदार अर्धा दिवस काम बंद ठेवेल का? पुढच्या वर्षी बघू. तो पुन्हा आला. मी पुन्हा तेच सांगितलं.

तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याने पाठीवरच्या बॅगेतून एक रिंग काढून माझ्या टेबलावर ठेवली. कॉलमच्या उभ्या सळयांभोवती घालतात ती, ८ मिमी सळीची. रिंगचं तोंड अडकवणारा हूक सरळ काटकोनात वाकवलेला, त्यापुढचं टोक जेमतेम इंचभर. "तुमच्या ड्रॉइंगवर १३५ अंश लिहिलंय, मॅडम. ही तुमच्याच पाथर्डी फाट्याच्या साइटवरची आहे."

मी कितीतरी वेळ ती रिंग हातात फिरवत बसले. २६ जानेवारी २००१ ला भुजचा भूकंप झाला तेव्हा मी इंजिनिअरिंगला होते. अहमदाबादेत पडलेल्या इमारतींचे फोटो पाहूनच मी स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगकडे वळले. भूकंपात कॉलमवरचं बाहेरचं काँक्रीट आधी सुटतं, मग काटकोनातला हूक उघडतो आणि रिंग निकामी होते. १३५ अंशांचा हूक आतल्या काँक्रीटमध्ये रुतून राहतो. भूकंपाचा विचार करून काँक्रीटच्या इमारती कशा बांधायच्या याची जी भारतीय संहिता आहे, त्या आयएस १३९२० मध्ये हे लिहिलं आहे, आणि मी ते पंधरा वर्षं ड्रॉइंगवर लिहीत आले. रिंग वाकवणाऱ्याला कधी सांगितलं नाही.

वर्ग झाला. रविवारी सकाळी, सत्तावीस फिटर, बहुतेक बिहार-बंगालकडचे. ठेकेदाराने स्वतःहून पोहे-चहा दिला. मुलाने कागद काढलाच नाही. एकाला पुढे बोलावून म्हणाला, माझं मनगट धरा, पण बोटं सरळ ठेवून. हात हिसकला, सुटला. आता बोटं आत वळवून धरा. सुटला नाही. मागून एक वयस्क फिटर म्हणाला, "मोड़ते तो बीस साल से हैं, क्यों मोड़ना है ये आज पता चला."

मी शेवटच्या ओळीत पालथ्या घातलेल्या घमेल्यावर बसले होते. बोलायचं नाही असं ठरवून आले होते. मध्येच त्याने हुकापुढची लांबी ८० मिमी सांगितली. ती जुन्या, १९९३ च्या संहितेतली. २०१६ च्या सुधारणेत सळीच्या व्यासाच्या सहापट, पण किमान ६५ मिमी आहे. शब्द ओठांवर आला होता, गिळला. जास्त लांबीने इमारतीचं काही बिघडत नव्हतं. परतताना गाडीत त्याला सांगितलं. पुढचा वर्ग सातपूरला झाला, तिथे त्याने "पिछली बार मैंने ज़्यादा बताया था" असं आधी स्वतःच सांगितलं आणि मग ६५ आकडा दिला.

आता चेकवर तीन जणांपैकी कुठल्याही दोघांच्या सह्या चालतात. इतिवृत्ताची वही शाखेच्या कपाटात आहे आणि त्याच्या चाव्या तिघांकडे आहेत. फोनची यादी मी चार जणांत वाटून दिली; माझ्याकडे बाराच नावं उरली आहेत. दोघा-तिघांचे फोन राहून जातात, तेव्हा खुर्च्या रिकाम्या दिसतात आणि मला चुटपुट लागते. तरी ती यादी मी परत घेतलेली नाही.

परवाच्या बैठकीत दिंडोरीचा मुलगा मध्येच उठून बाहेर गेला. त्याच वयस्क फिटरचा ओझरहून फोन होता. कॉलम-बीमच्या जोडातही रिंग घालायची का? इथला इंजिनिअर नको म्हणतोय. उद्या सकाळी आठला मुलगा तिकडे जाणार आहे, आणि चहाच्या वेळी मला प्रश्न विचारणाऱ्या मुलीला सोबत नेणार आहे.